सहलीचे तिकीट : दिवसभराचा आनंद, वर्षभराचा हिशेब

‘होसकोटे’ या कन्नड नावाचा अर्थ ‘नवा किल्ला’. बंगळुरूच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले हे तालुक्याचे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांना आदिलशाहीकडून जी कर्नाटकातील जहागीर मिळाली, तीत बंगळुरू, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. आज गावाभोवती कारखाने व गोदामे उभी राहिली आहेत. चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्गही येथूनच सुरू होतो. नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही या परिसरात स्थिरावत आहेत. अशा एखाद्या कुटुंबात, मुलांची परीक्षा संपली की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : ‘या रविवारी कुठे जायचे?’

मुंबईत असते तर राणीची बाग, पुण्यात असते तर कात्रजचे प्राणिसंग्रहालय, अशी उत्तरे तयार असतात. होसकोटेकरांसमोर प्रामुख्याने दोन पर्याय येतात. एक बन्नेरघट्टा जैविक उद्यान, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. दुसरा म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ असलेले वंडरला हे मनोरंजन उद्यान, त्याहूनही लांब. दोन्ही ठिकाणी रांग लावून तिकीट घ्यावे लागते आणि दोन्हीकडून मुले दमून, पण खुशीत परततात. मात्र त्या तिकिटाचे पैसे पुढे कोठे जातात, हे पाहू गेल्यास ही दोन ठिकाणे अगदी भिन्न असल्याचे दिसते. हा भेद समजून घेतला, तर सहलीचा आनंद कमी न होता अधिक डोळसपणे घेता येतो.

दोन ठिकाणे, दोन ताळेबंद

मनोरंजन उद्यान हा भांडवलप्रधान व्यवसाय आहे. वंडरलाचे पहिले उद्यान २००० साली कोचीजवळ ‘वीगालँड’ या नावाने सुरू झाले. बंगळुरूचे उद्यान २००५ मध्ये आले आणि २०१४ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचे तलाव यांत प्रथमच मोठी रक्कम गुंतवावी लागते. या यंत्रांवर दरवर्षी घसारा आकारला जातो, त्यांची रोज तपासणी करावी लागते आणि काही वर्षांनी नवे आकर्षण आणले नाही, तर जुना प्रेक्षक पुन्हा येत नाही. पाळण्यात दहा माणसे बसोत वा चाळीस, एका फेरीचा खर्च जवळजवळ तेवढाच. म्हणून गर्दीच्या दिवशी नफा झपाट्याने वाढतो व रिकाम्या दिवशी तोटा टळत नाही. रविवारचे तिकीट महाग आणि बुधवारचे स्वस्त का, याचे उत्तर येथेच आहे. खाद्यपदार्थ, कपाट-भाडे, पोहण्याचे कपडे यांची विक्री हाही उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग असतो. बाहेरचे खाणे आत नेऊ न देण्यामागे स्वच्छतेइतकेच हेही कारण असते.

प्राणिसंग्रहालयाचा ताळेबंद वेगळा. बन्नेरघट्टा १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्यातील प्राणिसंग्रहालय व सफारीचा भाग २००२ मध्ये ‘जैविक उद्यान’ म्हणून स्वतंत्र करण्यात आला आणि २००६ मध्ये तेथे फुलपाखरू उद्यान सुरू झाले. त्याचा कारभार कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे आहे. देशपातळीवर १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम त्यास लागू होतात. कर्नाटकातील ही संग्रहालये आपला दैनंदिन खर्च बहुतांशी प्रवेशशुल्कातून भागवतात. म्हणजेच होसकोट्याच्या कुटुंबाने खिडकीवर दिलेली रक्कम बऱ्याच अंशी हत्तीच्या चाऱ्याला, वाघाच्या मांसाला आणि पशुवैद्याच्या औषधांना जाते.

बंद दारामागचा खर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद पहिल्याच वर्षी शिकवला जातो. २०२० च्या टाळेबंदीने त्याचे जिवंत उदाहरण समोर ठेवले. मनोरंजन उद्यान बंद झाले, तेव्हा पाळणे थांबवता आले, वीज वाचली, हंगामी कामगारांची गरज उरली नाही. तरीही पगार, देखभाल व घसारा चालूच राहिल्याने २०२०-२१ हे वर्ष कंपनीला तोट्याचे गेले. परंतु पाळणा महिनोन्महिने थांबला तरी त्याला भूक लागत नाही.

प्राणिसंग्रहालयाचे तसे नाही. दार बंद झाले म्हणून हत्तीचा रोजचा शंभर-दीडशे किलो चारा कमी होत नाही. अनेक संग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपवास घडवतात, पण तो त्यांच्या प्रकृतीसाठी, तिजोरीसाठी नव्हे. उत्पन्न शून्य आणि खर्च जवळजवळ पूर्ण, अशी अवस्था तेथे निर्माण होते. जानेवारी २०१७ मध्ये बर्ड फ्लूमुळे म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय सुमारे महिनाभर बंद ठेवावे लागले, तेव्हा याची चुणूक दिसली होती. २०२० व २०२१ मध्ये तीच वेळ सर्वांवर आली.

त्या काळात उपयोगी पडली ती ‘प्राणी दत्तक योजना’. येथे दत्तक घेणे म्हणजे प्राणी घरी नेणे नव्हे. निवडलेल्या प्राण्याच्या ठरावीक मुदतीच्या आहाराचा खर्च उचलणे. लहान पक्ष्यापासून हत्तीपर्यंत प्रत्येकाचा दर वेगळा असतो. जून २०२१ मध्ये एका लोकप्रिय कन्नड अभिनेत्याने आवाहन केले आणि राज्यभरातून अशा पालकांची रीघ लागली. कोणी वाघ घेतला, कोणी पोपट. संकटात उत्पन्नाचा दुसरा स्रोत असावा, हे बँक ग्राहकांना नेहमी सांगत असते. प्राण्यांच्या बाबतीतही ते खरे ठरले.

दरवेशाचे अस्वल

बन्नेरघट्ट्यात येणाऱ्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की या परिसरात एक अस्वल बचाव केंद्रही आहे. पन्नाशी उलटलेल्या वाचकांना गावोगाव अस्वल घेऊन फिरणारा दरवेशी आठवत असेल. डमरू वाजे, अस्वल मागच्या पायांवर उभे राही आणि मुले टाळ्या पिटीत. त्या खेळामागे पिल्लाच्या नाकात तापलेल्या सुईने पाडलेले भोक, त्यातून ओवलेली दोरी आणि पाडलेले दात होते, हे मुलांना कोण सांगणार?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल पकडण्यास बंदी आली. मात्र पिढ्यानपिढ्या याच धंद्यावर जगणाऱ्या कलंदर समाजाला दुसरे साधन नव्हते, म्हणून केवळ बंदीने प्रश्न सुटला नाही. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने वनखात्यांच्या साहाय्याने दोन्ही बाजू हाताळल्या. अस्वल स्वाधीन करणाऱ्या कुटुंबाला रिक्षा, छोटे दुकान, शिवणकाम अशा नव्या व्यवसायासाठी बीजभांडवल व प्रशिक्षण देण्यात आले आणि मुलांच्या शाळेची सोय पाहिली गेली. अशा रीतीने देशभरातून सहाशेहून अधिक अस्वले मुक्त झाली. नाचणाऱ्या अस्वलांपैकी अखेरचे ज्ञात अस्वल डिसेंबर २००९ मध्ये बन्नेरघट्ट्याच्याच केंद्रात आणले गेले. शतकानुशतकांची एक क्रूर प्रथा अशी संपली, आणि तिच्या शेवटात लहान भांडवलाचा वाटा होता, ही गोष्ट बँकेत काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

परंतु दात नसलेले अस्वल जंगलात पोट भरू शकत नाही. त्याला आयुष्यभर सांभाळावे लागते आणि बंदिवासात अस्वल पंचवीस-तीस वर्षेही जगते. हे एक प्रकारे निवृत्तिवेतनच. फरक इतकाच, की त्याचे हप्ते निवृत्त होणाऱ्याने नव्हे, तर समाजाने भरायचे असतात.

तिकिटावरील कर

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. याउलट प्राणिसंग्रहालय, राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य यांच्या प्रवेशशुल्कास या करातून सूट देण्यात आली. मनोरंजन ही बाजारातील सेवा, तर वन्यजीवांचे दर्शन हा लोकशिक्षणाचा भाग, असा विचार त्यामागे दिसतो.

दत्तक योजनेत दिलेल्या देणगीवर प्राप्तिकर कायद्यानुसार वजावट मिळू शकते; मात्र ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने दिल्यास हा लाभ मिळत नाही. म्हणून रक्कम धनादेशाने वा ऑनलाइन द्यावी व पावती जपून ठेवावी.

कुटुंबाचे अंदाजपत्रक

आता घराकडे वळू. समजा, चार जणांच्या कुटुंबाला प्रवास, तिकिटे, जेवण व किरकोळ खरेदी मिळून दिवसाला ६,००० रुपये लागणार आहेत. हीच रक्कम दरमहा ५०० रुपये याप्रमाणे आवर्त ठेवीत जमवली आणि व्याजदर सहा टक्के धरला, तर वर्षअखेरीस सुमारे दोनशे रुपये व्याज मिळते. म्हणजे मुलांचे आइस्क्रीम सुटले. तीच सहल क्रेडिट कार्डावर केली आणि बिल वेळेवर भरले नाही, तर दरमहा साडेतीन टक्के दराने पहिल्याच महिन्यात २१० रुपये व्याज लागते. ठेवीने वर्षभरात जे दिले, ते उधारीने एका महिन्यात नेले. मुलांनाच या खात्यात दरमहा भर घालू दिली, तर सहलीआधीच एक धडा शिकून होतो.

जाण्यापूर्वी

दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. अर्धा वेळ रस्त्यात जातो आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण पैसे भरून अर्धेच पाहून होते. बन्नेरघट्टा मंगळवारी बंद असते. सकाळी लवकर पोहोचल्यास ऊन कमी असते आणि प्राणीही अधिक हिंडताना दिसतात. तिकिटे संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. सवलतीच्या नावाखाली आलेल्या अनोळखी दुव्यावर कार्डाचा तपशील किंवा ओटीपी कधीही देऊ नये. लहान मुलांच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

सफारीत खिडकीबाहेर हात काढू नये, ही सूचना सर्वत्र लिहिलेली असते व सर्वाधिक दुर्लक्षितही तीच असते. ऑगस्ट २०२५ मध्ये बन्नेरघट्ट्याच्या सफारीत वाहनाजवळ आलेल्या बिबट्याच्या पंजाने एक शाळकरी मुलगा जखमी झाला. प्राण्यांना खाऊ घालणे, डिवचणे, आवाज करून त्रास देणे हाही कायद्याने गुन्हा आहे. माकडाला दिलेल्या केळ्याने त्याचे पोट बिघडले, तर औषधाचा खर्च पुन्हा आपल्याच तिकिटातून होतो.

संध्याकाळी परतताना होसकोट्याच्या विस्तीर्ण तलावाकाठी क्षणभर गाडी थांबवावी. पाऊस चांगला झाला असेल, तर पाण्यावर उतरलेले पक्षी तेथे दिसतात. त्यांच्यासाठी तिकीट नाही, पिंजरा नाही आणि घसाराही नाही. तो तलाव कचऱ्यापासून वाचवला, तरच हे दृश्य मुलांच्या मुलांना पाहावयास मिळेल. मुद्दल राखून व्याजावर जगावे, हा बचतीचा मूलमंत्र आहे. निसर्गाच्या खात्यालाही तोच लागू पडतो.