गावात आलेली मुकी तार

आपल्याकडे सरकारी योजनेचे वय तिच्या जन्मतारखेवरून काढू नये, तिला मिळालेल्या मुदतवाढींवरून काढावे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबरची तार नेण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर केली. खर्चाचा अंदाज होता सुमारे २० हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षांची. दोन वर्षे गेली, मुदत सरकत राहिली. २०१५ मध्ये योजनेचे बारसे नव्याने झाले आणि ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचे जाहीर व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तोवर एकूण अंदाज ४२,०६८ कोटींवर गेला होता आणि उरलेल्या गावांसाठी मार्च २०१९ ची तारीख ठरली होती. तीही गेली. मग १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले की, एक हजार दिवसांत देशातली सहा लाख गावे फायबरने जोडली जातील. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला.

२० हजार कोटींवरून जवळजवळ १ लाख ४० हजार कोटी! हा आकडा वाचून कोणाचेही डोळे विस्फारतील. पण न्यायाने सांगायचे तर या नव्या रकमेत ग्रामपंचायत नसलेल्या गावांचे काम आहे आणि दहा वर्षांची देखभालही आहे. माझ्या मते सगळ्या कहाणीची किल्ली याच शेवटच्या शब्दात आहे. जी देखभाल पहिल्याच दिवशी योजनेच्या केंद्रस्थानी हवी होती, ती तिथे येण्यासाठी बारा वर्षे लागली.

ही तार म्हणजे शहरी माणसाला वाटते तशी सिनेमे पाहण्याची चैन नव्हे. गावातल्या रास्तभाव दुकानात ई-पॉस यंत्रावर म्हातारीचा अंगठा टेकतो तेव्हा पलीकडे जाळे हवे असते. ते नसले तर धान्य समोर असूनही तिला दुसऱ्या दिवशी यावे लागते. सातबाऱ्याचा उतारा, पीक पाहणी, पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला हे सारे आता पडद्यावर गेले आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा केला आणि ‘आपले सरकार’ची केंद्रे गावात नेली. कागद गावात मिळाला नाही तर तालुक्याला जावे लागते आणि त्यात एसटीचे भाडे जातेच, शिवाय एका दिवसाची मजुरी बुडते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या मुलांनी रेंज शोधत डोंगर चढल्याच्या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो आणि पान उलटले. योजना कागदावर ठरल्याप्रमाणे झाली असती, तर तोवर तार येऊन सात वर्षे झाली असती.

मग घोडे अडले कुठे? राजकारणी मंडळींचे उत्तर तयार असते. आजचे सत्ताधारी म्हणतात, २०१४ पर्यंत फक्त ५९ ग्रामपंचायती जोडल्या होत्या. आजचे विरोधक म्हणतात, मूळ कल्पना आमची, तुम्ही फक्त नाव बदलले. गंमत अशी की, दोन्ही खरे आहे आणि दोन्हींतून कळत काहीच नाही. त्या ५९ ग्रामपंचायती म्हणजे राजस्थानातील अराई, त्रिपुरातील पानीसागर आणि आंध्रातील परवाडा या तीन गटांत २०१२ मध्ये केलेला प्रयोग होता. प्रयोगानंतर गाडी रेटली गेली नाही, हा पहिल्यांचा दोष. पुढे गाडी रेटली, पण तार टाकली म्हणजे काम झाले असे मानले, हा दुसऱ्यांचा.

पैसा नव्हता असे म्हणायचीही सोय नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठी वेगळ्या निधीत जाते. म्हणजे तुम्ही-आम्ही मोबाइलचे जे पैसे भरतो, त्यातूनच हा निधी उभा राहतो. २०२४ मध्ये त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. अडचण तिजोरीत नव्हती, आराखड्यात होती.

आराखडा काटकसरीचा होता आणि वरकरणी शहाणपणाचा. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी दूरसंचार कंपनीची फायबर आधीच होती. ती रस्त्याकडेने पुढे काही गावांपर्यंतही गेली होती. तेव्हा नवी तार तालुक्यापासून न टाकता, जुनी जिथे संपते तिथून पुढे ग्रामपंचायतीपर्यंतच टाकावी, असे ठरले. नकाशावर हे छान दिसते. पण फायबरमधून धावतो तो प्रकाश. जुनी तार तुटत, जोडली जात आलेली असते आणि प्रत्येक सांध्यावर थोडा प्रकाश गळतो. त्यात तालुक्याच्या यंत्रातून निघालेला एकच किरण वाटेत फोडून अनेक गावांना वाटायचा. जुन्या गळक्या पाइपाला नवा नळ जोडावा, तशी शेवटच्या गावाची अवस्था. त्याला १०० एमबीपीएसचे आश्वासन होते. हाती किती पडायचे ते वाटेतल्या सांध्यांवर अवलंबून.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ही रचना सरळ रेषेची होती, माळेत मणी ओवावेत तशी. दोरा एका जागी तुटला की पुढचे सगळे मणी गेले. आणि आपल्याकडे दोरा तुटायला काय लागते? जेसीबीचा एक फाळ पुरतो. रस्ता रुंद करणारा, गटार काढणारा, दुसऱ्या कंपनीची केबल टाकणारा, सगळे एकाच साईडपट्टीत खोदतात. २०१९ पासून जलजीवन मिशनची पाइपलाइन गावोगाव आली, तिचीही वाट बहुधा तीच. एका सरकारी खात्याच्या पाइपाने दुसऱ्या सरकारी खात्याची तार तोडावी आणि दोन्ही खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, हे आपल्याला नवे नाही. खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये मोबाइल अॅप काढले. चांगले झाले. पण खोदणारा असतो उपकंत्राटदाराचा उपकंत्राटदार, आणि त्याला काम उरकण्याची घाई असते. तो अॅप उघडून बसेल, अशी आशा करणे कठीण.

खोदाईआधी परवानगी लागते, ती वेगळीच पोथी आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पुढचा जिल्हा परिषदेचा, मधला फाटा रेल्वेचा, घाट वनखात्याचा. वर केंद्र आणि राज्यांनी करार केले की, या तारेला वाट फुकट द्यायची. पण करारावर सही करणारा सचिव आणि रस्त्यावर उभा उपअभियंता यांच्यात बरेच अंतर असते. तारेच्या वाटेचे नियम २०१६ मध्ये झाले, राज्यांनी ते आपापल्या चालीने स्वीकारले. नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. तार निघाली २०११ ला आणि तिची वाट नीट आखली गेली तेरा वर्षांनी.

गेल्या काही वर्षांत मी ज्या ग्रामपंचायतींच्या कार्यालयात गेलो, तिथे भिंतीवरची पेटी आवर्जून पाहिली. एका ठिकाणी पेटीचे दार तारेने बांधलेले होते, छपरावर सौर पॅनेल होते, पण बॅटरी केव्हाच बसली होती. शेजारी संगणक परिचालक मुलगी स्वतःच्या मोबाइलवरून संगणकाला नेट देऊन दाखले काढत होती. त्याचे पैसे कोण देते, असे विचारल्यावर ती नुसती हसली. सरपंचांनी सांगितले की, पेटी आमच्या भिंतीवर आहे, पण आमची नाही. ती कोणाची हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही, म्हणून बिघडली तर कोणाला फोन करायचा तेही ठाऊक नाही. सगळीकडे असेच असेल असा माझा दावा नाही. चालू असलेल्या पेट्याही मी पाहिल्या आहेत. पण सरपंचांचा प्रश्न खोटा नव्हता. योजना एका नव्या कंपनीची, तार टाकणाऱ्या तीन सरकारी कंपन्या, दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह आठ राज्यांत काम राज्य सरकारांकडे, आपल्याकडे ‘महानेट’ नावाने. पुढे जुलै २०२२ मध्ये ती नवी कंपनीच बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. एवढ्या हातांतून गेलेल्या पेटीला मालक कसा सापडावा?

खासगी कंपन्यांना बोलावण्याचाही प्रयत्न झाला. जून २०२१ मध्ये सोळा राज्यांसाठी १९,०४१ कोटींची मदत देऊ करून निविदा काढल्या. एकही खासगी कंपनी पुढे आली नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटा गावात पोहोचला होता. विखुरलेल्या वस्त्या, थोडे ग्राहक आणि वारंवार तुटणारी तार यांचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याने मांडला असता, तरी तो हात जोडून उठला असता. मग मोबाइल आहे तर तार हवीच कशाला, असे काही जण विचारतात. मोबाइलच्या टॉवरलाही पाठीमागून जाड तार लागते. ती नसली की एकाच टॉवरचा वेग सगळे गाव वाटून घेते आणि संध्याकाळी चाक फिरत राहते.

राजकीय इच्छाशक्ती हवी, असे अशा वेळी म्हणण्याची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात ती भरपूर होती. तिथल्या मजूर सरकारने २००९ मध्ये ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेण्याची घोषणा केली. २०१० च्या त्रिशंकू संसदेत सरकार कोणाचे हे ठरवताना दोन अपक्ष खासदारांनी हा मुद्दा महत्त्वाचा मानला. २०१३ मध्ये सत्ता बदलली, नव्या सरकारने आराखडा बदलला आणि खर्च वाचवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी जुन्या तांब्याच्या तारा तशाच वापरायचे ठरवले. २०२० मध्ये त्याच पक्षांच्या सरकारला पुन्हा लाखो घरांसाठी फायबरचा निर्णय घ्यावा लागला. तिथेही काटकसर जुन्या तारेवर बेतली होती आणि तिथेही ती महाग पडली. फरक एवढाच की, तिथल्या मतदाराला आपल्या घरी कोणती तार आहे हे ठाऊक होते आणि तो त्यावर भांडत होता. आपल्याकडे या तारेवर एकही मत पडत नाही. गावात रस्ता, पाणी, वीज यांवर निवडणूक होते. तार आली काय, मेली काय, गावकऱ्याला पत्ता नसतो.

म्हणूनच सरकारी अहवालांतल्या एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. देशात आज दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ आहेत. मांडव सज्ज आहे म्हणजे लग्न लागले असे आपण म्हणत नाही. महाराष्ट्राने नळयोजनांत हे भोगले आहे. टाकी बांधली, उद्घाटन झाले, फोटो छापून आले. आणि विजेचे बिल थकले म्हणून नळ कोरडे. टाकी दिसते, तिच्यावर नाव लिहिता येते. देखभालीला फीत नसते, म्हणून ती कापायला कोणी येत नाही.

सुधारित कार्यक्रमात बारा वर्षांचे धडे घेतलेले दिसतात, हे मान्य केले पाहिजे. माळेऐवजी कडे करायचे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसरीकडून प्रकाश येईल. ठेकेदाराकडेच दहा वर्षांची देखभाल. गावातल्या तरुणाने घरोघरी जोडण्या द्यायच्या आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. अशा दीड कोटी जोडण्यांचे लक्ष्य आहे. आराखडा ठीक आहे. पण दहा वर्षे तार चालू आहे की नाही, हे पाहणार कोण? दिल्लीतला पडदा हिरवा दाखवेल आणि गावात पेटी काळी असेल, तर खोटे कोण ठरेल?

रास्तभाव दुकानाबाहेर साठ्याचा फलक लावावा लागतो. तसा एक साधा फलक ग्रामपंचायतीबाहेर लावावा. गेल्या महिन्यात तार किती दिवस चालली, बंद पडली तर किती दिवसांनी दुरुस्त झाली, तक्रारीचा फोन कोणता. एवढ्या तीन ओळी, आणि ग्रामसभेत त्यांचे वाचन. ठेकेदाराचे देखभालीचे बिल निघण्यापूर्वी त्या फलकावरचा आकडा ग्रामसभेने खरा म्हटला पाहिजे. याला १ लाख ४० हजार कोटी लागत नाहीत, एक डबा रंग लागतो. ज्या दिवशी सरपंचाच्या निवडणुकीत कोणी विचारील की, गेल्या पावसाळ्यात तार किती दिवस बंद होती, त्या दिवशी ही योजना गावाची होईल. तोवर ती ठेकेदाराच्या बिलातच चालू राहील.