गेला तेवढा परत आला का?

अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या भिंतींवर अजूनही दोन फटींचे सॉकेट सापडतात. आत फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा असतात, अर्थिंगची तार बहुधा आलेलीच नसते. तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १९६२ साली नव्या घरांत सगळीकडे तीन भोकांचे सॉकेट सक्तीचे केले, पण आधीची घरं होती तशीच राहिली. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी वस्ती मोठी आहे. तिथे महायुद्धानंतर बांधलेलं घर कुणी घेतलं, की हा प्रश्न त्याच्याही भिंतीत निघू शकतो.

घर विकण्याआधी कुणीतरी हे जुने सॉकेट काढून तीन भोकांचे नवे बसवतो. तारा त्याच, तिसऱ्या भोकामागे काहीच नाही. काही जण पुढची मजल मारतात आणि अर्थिंगचा स्क्रू आतल्या आत न्यूट्रललाच जोडून टाकतात. तीन दिव्यांचा टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण पुढे कधी न्यूट्रलची तार तुटली, तर तिसऱ्या पिनेला जोडलेल्या यंत्राचं धातूचं अंग जिवंत होतं. घर विकत घेणाऱ्याच्या जिवाशी केलेला हा खेळ आहे आणि त्याला दुसरं सौम्य नाव मला देता येत नाही.

या पेचातून प्रामाणिक वाट काढणारं यंत्र म्हणजे जीएफसीआय सॉकेट. त्यावर ‘टेस्ट’ आणि ‘रिसेट’ अशी दोन बटणं असतात. ते घडवणारे चार्ल्स डॅल्झील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विजेने माणूस मरतो म्हणजे नेमक्या किती करंटला काय होतं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी स्वयंसेवकांच्या हाती तार दिली आणि ती सोडता येईनाशी होईपर्यंत करंट सावकाश वाढवला. आपण ‘चिकटला’ म्हणतो, तीच ही अवस्था. पुरुषांची सरासरी मर्यादा सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहाच्या आसपास. एवढ्या करंटवर जुन्या पद्धतीचा, तंतूचा रात्रीचा लहान दिवाही नीट पेटणार नाही. घरातला फ्यूज तर १५ अँपिअरपर्यंत ढिम्म हलत नाही. तो तारेला जपतो, माणसाला नाही. माणसासाठी वेगळं यंत्र हवं, या जाणिवेतून डॅल्झील यांनी १९६१ साली ते तयार केलं.

त्याची युक्ती साधी आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला, तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि कडं शांत राहतं. ओल्या हातातून, पायाखालच्या फरशीतून थोडा करंट दुसरीकडे निसटला, की हिशेब चुकतो. कड्यावरच्या बारीक गुंडाळीला ते कळतं आणि वीज तुटते. साधारण ५ मिलिअँपिअरच्या फरकाला हे घडतं आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास. झटका जाणवतो, पण हात सुटतो.

या हिशेबात अर्थिंगच्या तारेला कुठेच काम नाही. म्हणूनच अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात संहिता हे सॉकेट बसवू देते. त्यावर ‘अर्थिंग नाही’ अशी चिठ्ठी मात्र चिकटवावी लागते. मला ही चिठ्ठी यंत्राइतकीच मोलाची वाटते. काय मिळालं आणि काय नाही, हे ती घरातल्या पुढच्या माणसालाही सांगते.

आपल्याकडे हेच तत्त्व मेन बोर्डवरच्या आरसीसीबीत असतं. ती बहुधा ३० मिलिअँपिअरची घेतात, कारण फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांची थोडी थोडी नैसर्गिक गळती एकत्र होते आणि ५ वर बेतलेलं यंत्र सगळ्या घराला उठसूट अंधारात टाकेल. अमेरिकेत पहारा सॉकेटपाशीच असल्याने तो इतका कडक ठेवता येतो.

जुनं सॉकेट काढून जीएफसीआय बसवताना खरी कसोटी डब्याची. जुन्या भिंतीतले डबे उथळ आणि हे सॉकेट जाडजूड. कोंबून बसवलं तर कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा तडकतात. दुसरी गोष्ट ‘लाइन’ आणि ‘लोड’ या टोकांची. मेनकडून आलेली तार लाइनला जोडायची. पुढच्या सॉकेटांकडे जाणारी लोडला जोडली, की तीही याच्याच पहाऱ्याखाली येतात. एका रांगेतलं पहिलं सॉकेट ओळखून तेवढंच बदललं तर खर्च बराच वाचतो. दोन फेजांचा न्यूट्रल एकच असेल, तर मात्र ही जोडणी इलेक्ट्रिशियनवर सोडावी. बाहेरच्या भिंतीसाठी पावसापाण्यात टिकणारं घ्यावं. लहान मुलांच्या घरात फटींना आतून झडप असलेलं. आणि स्वतःची तपासणी स्वतः करणारं मिळत असेल, तर तेच.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले आणि जमिनीकडे काहीच निसटलं नाही, तर हे सॉकेट गप्प राहतं. हिशेब बरोबरच असतो ना! ओव्हरलोड हे त्याचं काम नाही. संगणकाच्या सर्ज प्रोटेक्टरला लागणारं अर्थिंगही ते देत नाही. तिथे नवी तार ओढण्याला पर्याय नाही.

ओल आणि विजेच्या उसळ्यांनी आतलं इलेक्ट्रॉनिक्स मरतं. जुन्या नमुन्यांत तर संरक्षण संपल्यावरही वीज येतच राहते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा दिवा लावून टेस्टचं बटण दाबायचं. बाहेरून खुपसायच्या टेस्टरचं बटण अर्थिंग नसलेल्या घरात उपयोगी पडत नाही, कारण तो गळती अर्थिंगच्या पिनेतूनच घडवतो. सॉकेटवरचंच बटण दाबायचं. दिवा विझला नाही, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदलायचं.