पाल्याच्या महाविद्यालयातील पहिला मेळावा : पालकांनी काय विचारावे, काय पाहावे



जून-जुलै महिन्यात आपल्या घरी दोन कामे एकदमच येतात. एकीकडे आवण लावणीला येते, चिखलणीची घाई असते आणि मजूर मिळता मिळत नाहीत. दुसरीकडे बारावी पास झालेल्या मुलामुलीचा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश होतो आणि महाविद्यालयाकडून निरोप येतो की, अमुक तारखेला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा परिचय मेळावा आहे, पालकांनीही उपस्थित राहावे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील बरेच पालक हा निरोप वाचून बाजूला ठेवतात. "शिकायचे त्याला आहे, आपण जाऊन काय करणार? त्या दिवशी चार गुंठे लावून होतील," असा विचार केला जातो.

हा विचार चुकीचा कसा आहे आणि या एका दिवसाचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

एका म्हशीची गोष्ट

प्रथम स्वतःचाच अनुभव सांगतो. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा वडील लावणी सोडून मला पोहोचवायला आले होते. परंतु "आत साहेब लोक असतील, इंग्रजी बोलतील," म्हणून ते फाटकाजवळ छत्री घेऊन बसून राहिले. आत सभागृहात शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आणि त्यासाठी लागणारे दाखले सांगितले गेले. मी सतरा वर्षांचा मुलगा, नवी जागा, नवे चेहरे. माझ्या ते ध्यानात राहिले नाही आणि पुन्हा विचारण्याचे धाडसही झाले नाही. तारीख निघून गेली. त्या वर्षी खाणावळीच्या पैशासाठी घरची दुभती म्हैस विकावी लागली. वडील आत येऊन बसले असते, तर त्यांनी एवढे नक्की विचारले असते की, "कागद कोणते लागतात आणि कधीपर्यंत?" व्यवहाराचा प्रश्न शेतकऱ्याला बरोबर सुचतो. आता मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवितो आणि दरवर्षी फाटकाबाहेर थांबलेले पालक पाहतो. म्हणून हा लेख लिहिण्याचे ठरविले.

हा मेळावा म्हणजे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' या नावाने नवीन विद्यार्थ्यांच्या परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. नव्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाची, शिक्षकांची, नियमांची व सोबत्यांची ओळख व्हावी, हा त्याचा हेतू आहे. कृषी पदवीसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने केलेल्या अभ्यासक्रमात तर सुरुवातीचे दोन आठवडे दीक्षारंभासाठीच ठेवलेले आहेत. यातील पालकांसाठीचा भाग बहुधा एका दिवसाचा किंवा काही तासांचाच असतो. प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, कार्यालय अधीक्षक आणि वसतिगृह असल्यास तेथील अधीक्षक, ही सर्व मंडळी त्या दिवशी एका छताखाली भेटतात. एरवी एकेकाला गाठायचे म्हटले, तर चार-पाच खेपा होतात.

जाण्यापूर्वीची तयारी

१) शक्य असल्यास आई व वडील दोघांनीही जावे. मुलीच्या बाबतीत आईने अवश्य जावे. दोघांना जमत नसेल, तर घरातील जे कोणी मुलाचे पुढे पाहणार आहे त्याने जावे.

२) एक वही व पेन जवळ ठेवावे. आदल्या रात्री मुलाला जवळ बसवून प्रश्न लिहून काढावेत. आपण काय विचारणार आहोत हे मुलाला आधी सांगावे, म्हणजे चारचौघांत त्याला संकोच वाटणार नाही.

३) दाखल्यांच्या छायाप्रतींचे दोन संच करून घ्यावेत. त्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता व नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र, तसेच सातबारा व आठ-अ यांचा समावेश करावा. महाविद्यालयाने मूळ गुणपत्रिका तपासून परत द्यावयाच्या असतात. त्या ठेवून घेऊ नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचनेद्वारे स्पष्ट केले आहे.

४) पावसाचा अंदाज घेऊन लवकर निघावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. उल्हास नदीला पाणी चढले की आपला मार्ग केव्हाही बंद पडतो.

५) कपड्यांची व भाषेची चिंता करू नये. स्वच्छ धुतलेले साधे कपडे पुरेत. प्रश्न मराठीतच विचारावा. उत्तर समजले नाही, तर "पुन्हा एकदा मराठीत सांगा," असे म्हणावे. यात कमीपणा कसला? फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेली सिंधी कुटुंबे कल्याण कॅम्पात राहिली, १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले आणि १९६५ मध्ये तेथे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय उभे राहिले. या भागात शिक्षणाची वाट रिकाम्या हाताने आलेल्या लोकांनीही पाडली आहे. त्या वाटेवर आपल्यालाही तितकाच हक्क आहे.

सभागृहात कोणते प्रश्न विचारावेत?

अ) अभ्यासक्रम : नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. आता विषयांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, दिलेले असतात. पारंपरिक पदवीत एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक मिळवावे लागतात. पदवी तीन वर्षांत मिळते, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. मध्येच शिक्षण थांबवावे लागले तर काय प्रमाणपत्र मिळते, पुन्हा प्रवेश केव्हा व कसा घेता येतो, हे विचारावे. मुलाचे श्रेयांकांचे ऑनलाइन खाते उघडले आहे काय, याचीही चौकशी करावी.

आ) हजेरी : किमान किती टक्के हजेरी लागते व ती कमी पडल्यास काय होते, हा प्रश्न आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के हजेरी आवश्यक आहे. लावणी व कापणीला मुलाला आठ-आठ दिवस घरी ठेवले, तर भात घरात येईल, पण त्याचे सत्र वाया जाईल. गाड्या बंद पडल्यास त्या दिवसाच्या हजेरीचे काय, हेही विचारून ठेवावे.

इ) शिष्यवृत्ती : अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो व पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. त्यामुळे खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री आधीच करावी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. आपल्या मुलाला यातील कोणती योजना लागू आहे, शेवटची तारीख कोणती आणि कार्यालयात हे काम कोण पाहते, या तीन गोष्टी वहीत लिहूनच सभागृहातून उठावे.

ई) खर्च : प्रवेशाच्या वेळी भरलेल्या शुल्काशिवाय वर्षभरात आणखी काय भरावे लागेल, हे विचारावे. परीक्षा शुल्क, प्रयोगवही, सहल यांची साधारण रक्कम समजली, तर जांभूळ, भाजीपाला किंवा भाताचे पैसे हाती येतील तेव्हा त्यातील वाटा बाजूला ठेवता येतो. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. लोकलच्या विद्यार्थी सवलतीच्या पासासाठी लागणारा फॉर्म महाविद्यालयातूनच मिळतो. तो कोणत्या खिडकीवर व कोणत्या वेळेत मिळतो, ते पाहून घ्यावे.

उ) अडचणीच्या वेळी भेटावयाची व्यक्ती : बहुतेक ठिकाणी ठरावीक विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. त्यांचे नाव व भेटण्याची वेळ विचारून घ्यावी आणि शक्य झाल्यास त्याच दिवशी भेटावे.

रॅगिंग व सुरक्षितता

महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. दोषी ठरलेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच त्याला महाविद्यालयातून काढले जाते व पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची असते. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार विद्यार्थी व पालक दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. अनेक पालक त्यावर न वाचताच सही करतात. ते मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, म्हणजे दुसऱ्याने त्रास दिल्यास काय करावे आणि आपण कोणाला त्रास का देऊ नये, या दोन्ही गोष्टी मुलाच्या कानावर जातात. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ असा आहे. मुलींच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत काय, ते पाहावे.

मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात राहणार असल्यास

आपल्या भागातील काही मुले कृषी पदवीसाठी दापोलीस किंवा आणखी दूर जातात. कृषीचे प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेनंतर फेऱ्यांनी होत असल्याने तेथील वर्ग बहुधा उशिरा सुरू होतात. दापोलीला कोकण रेल्वेने खेडपर्यंत व तेथून एस.टी.ने जाता येते. अशा वेळी पालकांनी खोली, पिण्याचे पाणी, संडास-न्हाणीघर व खाणावळ स्वतः पाहावी. आजारपणात कोठे नेतात, रात्री परत येण्याची वेळ कोणती, घरी येण्यासाठी परवानगी कोणाची लागते, हे अधीक्षकांना विचारावे. आपला दूरध्वनी क्रमांक त्यांच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहावा.

काय करू नये?

सभागृहात मुलाच्या वतीने प्रत्येक उत्तर आपण देऊ नये. त्याचे गुण शेजारच्या मुलाच्या गुणांशी ताडून पाहू नयेत. "तुझ्यासाठी लावणी सोडून आलो," असे येता-जाता ऐकवू नये. मुलाला हे कळत असते, आणि बोलून दाखविल्यास पुढे अडचण आली तरी तो आपल्याला सांगत नाही.

मेळाव्यानंतर

भाताचे रोप लावणीनंतर पहिले काही दिवस पिवळे पडते. जुनी मुळे तुटलेली असतात आणि नवी फुटायची असतात. त्या काळात आपण पाणी बेताचे राखतो, पण मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी रोप उपटत नाही. मुलांचेही तसेच आहे. पहिले दोन महिने ती गप्प होतात, कधी चिडतात, "माझ्याने होत नाही," असेही म्हणतात. अशा वेळी रोज गुणांची चौकशी करू नये, जेवण झाले का, सोबती कोण, एवढेच विचारावे. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला, तरी पुन्हा परीक्षा देता येते. त्यावरून शिक्षण सोडविण्याचा निर्णय घेऊ नये. मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा जगण्याविषयी निराशेने बोलत असेल, तर वाट पाहू नये. मार्गदर्शक शिक्षकांना लगेच भेटावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

सारांश असा की, निमंत्रण आल्यावर वही, छायाप्रती व लिहिलेले प्रश्न घेऊन वेळेवर जावे, पुढच्या रांगेत बसावे, शिष्यवृत्तीची तारीख व मार्गदर्शक शिक्षकांचे नाव लिहून घ्यावे, आणि नंतर मुलावर विश्वास ठेवून त्याला त्याचे काम करू द्यावे. चार गुंठ्यांची लावणी एक दिवस पुढे गेली, तर शेजाऱ्याच्या मदतीने ती भरून निघते. अर्जाची गेलेली तारीख मात्र त्या वर्षी परत येत नाही. तेव्हा यंदा फाटकाबाहेर थांबू नका. आत या. आम्ही शिक्षक आपली वाट पाहत असतो.