माळवदाखालची दुपार

एप्रिलच्या भर दुपारी औसा तालुक्यातल्या आजोळच्या घरात पाऊल टाकलं, की आधी डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग अंगाला गारवा कळायचा. बाहेर 40 अंशांच्या वर ऊन. आत शेणानं सारवलेली भुई आणि छताच्या सवण्यातून पडलेला ताटाएवढा कवडसा. तो उतरंडीपाशी सरकला की आजी चहाला उठायची. वळवाचं आभाळ भरलं की ओरडायची, "पळ रे, सवणं झाक!"

लातूर, धाराशिव, सोलापूरकडची माळवदाची घरं ही अशी. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचांची दाटी, त्यावर निंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. काळी माती वाळली की भेगाळते. पांढरी चोपून बसवली की पाणी वरच्यावर पन्हळीकडे जातं. मृगाआधी गवत उपटून नवा थर चढवायचा. असे थर साचत कुठे कुठे माळवद दीड-दोन फूट जाड झालं.

गारवा या जाडीतच आहे. फूटभर मातीतून ऊन आत उतरायला आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र होते आणि वरची माती आपली ऊब उघड्या आभाळाला देऊ लागते. कोरड्या हवेत रात्री झपाट्यानं निवतात, म्हणून हे साधतं. दमट कोकणात साधलं नसतं. उन्हाळ्यात घरचे सगळे रात्री माळवदावरच निजायचे.

पण 30 सप्टेंबर 1993 ला पावसाळा होता. गणपती बोळवून लोक घरात झोपले होते. पहाटे 4 च्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींत आतलं आणि बाहेरचं अंग सांधणारे जोडदगड नव्हते. भिंती फाकल्या, वरचं ओझं खाली आलं. जिथे तुळया खांबांवर नीट पेललेल्या होत्या, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याचं पुष्कळ ठिकाणी दिसलं. जादा माती उतरवा, भिंतीत जोडदगड घाला, असं जाणकार सांगत होते. पण ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, त्यांना माळवदाखाली पुन्हा झोपा म्हणणार कोण?

मामांनी पुढच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या घातल्या. मागचे दोन खण माळवदाचे ठेवले. जेवण झालं की अजूनही ते तिथेच आडवे होतात. दिवेलागणीला उशी काखेत घेतात आणि पत्र्याखाली येतात.