तापीकाठचा उन्हाळा आणि संगणकाचा ताप



मे महिन्यात राजघाटाच्या दगडी पायऱ्यांवर दुपारी अनवाणी उतरून पाहावे, म्हणजे बऱ्हाणपूरचा उन्हाळा काय असतो ते कळते. आपली तापी सूर्यकन्या आहे आणि वडिलांचा स्वभाव या काठावर पुरेपूर उतरला आहे. गेल्या उन्हाळ्यात हा ताप आमच्या घरातल्या संगणकालाही झाला. त्यातून आम्ही जे शिकलो ते सभासद कुटुंबांच्या उपयोगी पडेल, विशेषतः ज्या घरात तरुण मुले संगणकाचा वेग वाढवायच्या खटपटीत आहेत त्यांच्या. म्हणून हा लेख.

आमचा मुलगा लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन करतो. घरचा डेस्कटॉप म्हणजे त्याचे दुकानच. जानेवारीत त्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. तीन महिने सगळे सुरळीत चालले. लग्नसराई ऐन भरात आली आणि संगणक कामाच्या मध्येच बंद पडू लागला. एकदा तर फाइलच बिघडली आणि दोन दिवसांचे संपादन पाण्यात गेले. कॅमेऱ्यातले मूळ चित्रीकरण दुसऱ्या डिस्कवर होते म्हणून अब्रू वाचली. नाहीतर एका घरच्या लग्नाची आठवणच पुसली गेली असती, आणि ती पैशाने भरून देता आली नसती.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, ते आधी पाहू. प्रोसेसरच्या आत एक ठोका असतो, त्या ठोक्यावर सगळी कामे होतात. ४.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४२० कोटी ठोके. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हा ठोका जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढला की चिपला बहुधा जास्त व्होल्टेज लागते, आणि खरी गोम इथेच आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३. काम दहा टक्के जास्त, उष्णता तेहतीस टक्के जास्त. एवढा व्याजदर बँकेत कोणी लावला असता तर ग्राहकाने खातेच बंद केले असते.

पूर्वी हा व्यवहार फायद्याचा होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर हौशी लोक ४५० वर सहज चालवत. आता कंपन्याच चिपमधला शिलकी वेग स्वतः वापरून टाकतात. गरज पडली की प्रोसेसर आपोआप वेग वाढवतो आणि तापला की कमी करतो. त्यामुळे आपल्यासाठी उरते ती चिल्लर. आमच्याकडे सहाही कोर एकदम कामाला लागल्यावरचा वेग ४.२५ वरून ४.६ गिगाहर्ट्झ झाला. चाळीस मिनिटांचे काम सदतीस मिनिटांत होऊ लागले, म्हणजे तीन मिनिटे वाचली.

मग जानेवारीत चालले ते मे महिन्यात का बिघडले? आम्ही जुन्या सवयीने एक रोजवही घातली. एका रकान्यात खोलीचे तापमान, दुसऱ्यात पूर्ण कामाच्या वेळचे प्रोसेसरचे तापमान, तिसऱ्यात दोन्हींतला फरक. आठवड्याभरात गणित उघड झाले. ओव्हरक्लॉक केलेली चिप खोलीपेक्षा साधारण ५४ अंशांनी जास्त तापते, मग ऋतू कोणताही असो. जानेवारीत खोली २४ अंशांवर होती, म्हणून चिप ७८ वर. मे महिन्यात दुपारी खोली ४१ वर गेली, तेव्हा चिप ९५ वर. पंखा असो की पाण्याचा कूलर, तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हा फरक कमी करतो. इंटरनेटवर थंड देशातला कोणी 'माझा प्रोसेसर ७० अंशांवर चालतो' म्हणाला, तर आधी त्याची खोली किती अंशांवर आहे ते विचारावे.

आजच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. नेमका आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसमोर मिळतो. तिथे पोचल्यावर चिप आधी स्वतःचा वेग कमी करते, तरी भागले नाही तर यंत्र बंद होते. आम्ही बँकेत तारणाच्या पूर्ण किमतीइतके कर्ज कधी देत नसू, मार्जिन सोडत असू. इथेही मर्यादेच्या खाली दहा-पंधरा अंश मोकळे ठेवावेत, आणि हा हिशेब मे महिन्याच्या दुपारचा धरावा.

उष्णता बाहेर कशी जाते ते समजायला आपला कुंडी भंडारा आठवावा. रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी कुंड्यांच्या साखळीतून शहरात आणले गेले. पाणी आपोआप वाहते, पण वाट मोकळी असेल तरच. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर साचले की प्रवाह आखडतो. संगणकातही अशीच साखळी आहे: चिप, तिच्यावरची थर्मल पेस्ट, कूलरचा धातू, त्याच्या पात्या, पेटीतली हवा, खोलीची हवा. एक जरी कडी तुंबली तरी सगळी उष्णता मागे साचते. आपल्या गावात पॉवरलूमचे तंतू हवेत असतात, ते पात्यांमध्ये नमद्यासारखे जमतात. आम्ही कूलर उघडला तेव्हा अक्षरशः कापसाची गादी निघाली. ती काढून नवी पेस्ट लावली, तर फरक ५४ वरून ४८ अंशांवर आला. खर्च फक्त पेस्टचा.

ज्यांना वेग वाढवायचाच आहे, त्यांनी हा क्रम पाळावा.

१. आपला प्रोसेसर आणि मदरबोर्ड याला परवानगी देतात का ते पाहावे. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण ए मालिकेचे बोर्ड चालत नाहीत. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान सहसा हमीत बसत नाही.

२. आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग साफसफाई करावी आणि पेस्ट बदलावी.

३. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमवर तापमान पाहत, सिनेबेंचसारखी चाचणी अर्धा तास चालवावी. आकडे वहीत लिहावेत.

४. वेग एका वेळी १०० मेगाहर्ट्झनेच वाढवावा आणि प्रत्येक वेळी पुन्हा चाचणी घ्यावी. व्होल्टेजला हात सर्वांत शेवटी लावावा, तोही अगदी थोडा. यंत्र अडले तर एक पायरी मागे यावे.

५. चाचणी थंडीत घेतली असेल, तर मे महिन्यात खोली जितके अंश जास्त तापते तितके अंश मिळवूनच निर्णय घ्यावा.

६. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, टेबलाच्या बंद कप्प्यात नको. डेझर्ट कूलरने खोली थंड होते हे खरे, पण त्याचा झोत थेट पेटीवर सोडू नये, कारण त्यातून पाण्याचे तुषार आणि क्षार येतात.

व्होल्टेजबद्दल एवढे सांगायचे कारण आहे. २०२४ साली इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वारंवार अडू लागले. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दिले जात असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्तीचे अपडेट काढले आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. बनवणाऱ्यांचाही जिथे अंदाज चुकतो, तिथे आपण जपूनच असावे. आणि उष्णतेचा प्रश्न मोठ्यांनाही सुटलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात उष्णता काढून नेण्यासाठी चिपपर्यंत थेट द्रव फिरवावा लागतो.

आमच्या घरी शेवटी उलटा मार्ग धरला. वेग कंपनीचाच ठेवला आणि व्होल्टेज सुमारे पाच टक्के कमी केले. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. ०.९५ चा वर्ग ०.९०, म्हणजे त्याच कामाला दहा टक्के कमी उष्णता. यालाही तशीच चाचणी लागते, कारण फार कमी केले तरी यंत्र अडते. खोली ४१ अंशांवर असतानाही चिप आता ७५ च्या पुढे जात नाही, आणि पंख्याची घरघर कमी झाल्याने सौ. दुपारी त्याच खोलीत निवांत झोपू शकतात. चाळीस मिनिटांचे काम पुन्हा चाळीस मिनिटांचे झाले आहे. मुलाने पुढचे लग्न वेळेवर दिले. ती तीन मिनिटे आम्ही खुशाल सोडून दिली.