तळहातावरचा रेल्वेमार्ग

मूर्ती कितीही रेखीव असली, तरी तिची बैठक ओबडधोबड असेल तर पाहणाऱ्याचे समाधान होत नाही. कमळावर विराजमान झालेली लक्ष्मी आठवताना ते कमळही डोळ्यांसमोर येतेच. बोटाच्या पेराएवढ्या लघुमूर्तींनाही हाच न्याय लागू पडतो, हे मेजावरच्या युद्धखेळांच्या जगात डोकावले की लक्षात येते.

या छंदाचे मूळ पाश्चात्त्य देशांत आहे. विख्यात इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1911 मध्ये जमिनीवर मांडायच्या खेळांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात ठोकळे आणि शिपाई यांच्या जोडीला खेळण्यातील आगगाड्याही होत्या. 1913 मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम मांडले. त्याआधी 1891 मध्ये जर्मनीतील मार्कलिन कंपनीने खेळण्यातील रुळांची ठरावीक मापे बाजारात आणली होती. लघुमूर्ती आणि लघुरेल्वे हे दोन छंद असे शेजारी शेजारी वाढले. लघुमूर्तीच्या पायाखालची बैठक रेल्वेमार्गाच्या तुकड्याने सजवण्याची कला ही या दोहोंचा संगमच होय.

बैठकीचे गणित

आज प्रचलित असलेल्या लघुमूर्तींपैकी अनेक मूर्ती पावलापासून डोळ्यांपर्यंत सुमारे 28 मिलिमीटर उंच असतात. हे प्रमाण ढोबळमानाने 1:56 मानले जाते. त्यांच्या गोल बैठका साधारणपणे 25 ते 50 मिलिमीटर व्यासाच्या असतात. बहुतेक खेळांत दोन सैनिकांमधील अंतर बैठकीच्या कडेपासून मोजले जाते. त्यामुळे सजावट कितीही करावी, व्यास मात्र बदलता येत नाही.

खरी कसोटी येथेच लागते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रमाण रेल्वेमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर 1435 मिलिमीटर आहे. 1:56 या प्रमाणात ते 25.6 मिलिमीटर भरते. आठ फूट लांबीचा लाकडी स्लीपर याच प्रमाणात सुमारे 43.5 मिलिमीटर होतो. म्हणजे 30 मिलिमीटरच्या बैठकीवर दोन्ही रूळ जेमतेम मावतात, स्लीपर मात्र अपुराच राहतो. अशा वेळी जाणकार एकच रूळ तिरपा बसवतात आणि स्लीपरांची टोके कडेशी कापतात. मार्ग बैठकीच्या पलीकडेही गेला आहे, असा भास त्यातून निर्माण होतो.

बाजारात सहज मिळणाऱ्या तयार लघुरेल्वेचे रूळ वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांतील एका लोकप्रिय मापात रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असते. 28 मिलिमीटरच्या मूर्तीशेजारी ते साधारण तीन फुटी अरुंद मार्गासारखे दिसते. डोंगरातील किंवा अरण्यातील छोट्या गाडीसाठी ते शोभते. महामार्गासाठी मात्र खटकते. 9 मिलिमीटरचे रूळ तर खाणीतील ढकलगाडीलाच योग्य ठरतात.

सामग्री साधी, कौशल्य हाताचे

या कलेला लागणारे साहित्य बहुतांशी घरातच सापडते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या उभ्या चिरून सुमारे साडेतीन मिलिमीटर रुंदीचे स्लीपर तयार करता येतात. तारेचा ब्रश लाकडावरून एकाच दिशेने ओढला की रेषा उमटतात आणि लाकूड जुने भासू लागते. रुळासाठी लघुरेल्वेच्या रुळांचे तुकडे घ्यावेत. सुमारे 1.9 मिलिमीटर उंचीचा रूळ या प्रमाणात खऱ्या चार इंची रुळासारखा दिसतो आणि एकोणिसाव्या शतकातील मार्गाला साजेसा ठरतो. टाचण्यांची छाटलेली टोके खिळ्यांचे काम करतात.

प्रथम बैठकीवर बुचाच्या लाकडाचा पातळ थर चिकटवून जमीन उंचावावी. हा थर फार जाड असू नये. मूर्ती उंच झाली तर खेळात कोणाला कोण दिसते, यावरून वाद उद्भवतात. त्यावर स्लीपर आणि रूळ बसवावेत. मग चाळलेली वाळू स्लीपरांच्या मधल्या जागेत पसरावी. पांढऱ्या डिंकात तितकेच पाणी आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब मिसळून ते मिश्रण थेंबाथेंबाने सोडावे. साबणामुळे द्रावण वाळूच्या कणांमध्ये सहज झिरपते. अन्यथा ते वर गोळा होऊन वाळू विस्कटते. रात्रभर वाळू द्यावे. मूर्तीच्या पावलात बारीक छिद्र पाडून तारेचा तुकडा बसवला आणि तो स्लीपरमध्ये रोवला, की ती हाताळताना निखळत नाही.

रंगकामात निरीक्षणाची परीक्षा होते. गाड्यांची ये-जा असलेल्या रुळाच्या बाजू गंजलेल्या, तर माथा चकचकीत असतो. वापरात नसलेला रूळ सर्वांगी तांबूस असतो. स्लीपरवर पातळ काळपट रंग सोडून, तो वाळल्यावर कोरड्या कुंचल्याने करडी छटा फिरवली की ऊनपाऊस सोसलेले लाकूड साकार होते.

एका दिवसाचा इतिहास

बैठक खरी वाटण्यासाठी काळ आणि स्थळ निश्चित करणे उपयुक्त ठरते. अमेरिकेतील पहिल्या खंडपार रेल्वेमार्गाचे उदाहरण त्यासाठी बोलके आहे. 28 एप्रिल 1869 या एका दिवसात सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या कामगारांनी युटामध्ये 10 मैल 56 फूट मार्ग टाकला. त्यासाठी सुमारे 25,800 स्लीपर आणि 3,520 रूळ लागले. या आकड्यांवरून दोन स्लीपरांच्या मध्यांतील अंतर सरासरी दोन फूट निघते, म्हणजे लघुमूर्तीच्या प्रमाणात सुमारे 11 मिलिमीटर. बैठक करणाऱ्याला हवे असलेले माप इतिहासच हाती ठेवतो.

तोच इतिहास एक प्रश्नही विचारतो. प्रत्येकी सुमारे 250 किलो वजनाचे ते रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावे नोंदली गेली. त्याच दिवशी स्लीपर, खिळे आणि माती यांच्याशी झुंजणाऱ्या चिनी मजुरांची नावे मात्र बहुतांशी अज्ञातच राहिली. सेंट्रल पॅसिफिकच्या मार्गावर अशा हजारो चिनी मजुरांनी काम केले होते. 10 मे 1869 रोजी प्रोमोन्टरी समिट येथे दोन्ही बाजूंचे मार्ग जुळले. सोन्याचा खिळा समारंभपूर्वक बसवण्यात आला आणि लगेच काढूनही घेण्यात आला. त्या प्रसंगीच्या अँड्र्यू रसेल यांच्या प्रसिद्ध छायाचित्रातही चिनी मजूर जवळजवळ दिसत नाहीत. अमेरिकेच्या कामगार खात्याने या मजुरांना आपल्या सन्मान दालनात स्थान दिले, ते 2014 मध्ये.

म्हणूनच या रुळांवर कोणाला उभे करायचे, हा निर्णय केवळ सजावटीचा राहत नाही. बंदूकधारी स्वार किंवा शेरीफ यांची मूर्ती उभी करणे सोपे आहे. पण एखादा छांदिष्ट मूर्तीच्या हातातील बंदूक कापून तेथे कुदळ बसवतो, तेव्हा त्या छायाचित्रातील उणीव तो आपल्यापुरती भरून काढत असतो.

आपल्या मातीतील रूळ

भारतीय छांदिष्टांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या ब्रॉडगेज मार्गाची 1676 मिलिमीटर रुंदी 1:56 या प्रमाणात जवळजवळ 30 मिलिमीटर भरते. हिशोबाला इतके सोयीचे माप क्वचितच मिळते! 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि दहा वर्षांनी, 1863 मध्ये, बोरघाटाचा चढ रेल्वेने सर केला. या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच निधन पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. घाट फोडताना बळी गेलेल्या असंख्य मजुरांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत.

पुण्यातील कोथरूड येथे 1998 मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहताना लहानथोर हरखून जातात, ते तेथील बारकाव्यांमुळे. बैठकीची कला शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम असेच पाहायला शिकावे. स्थानकावर गाडीची वाट पाहताना खडीचा रंग, रुळाची चमक आणि मार्गाची निगा राखणारे गँगमन यांच्याकडे निरखून पाहावे. काडी, वाळू आणि डिंक कोणालाही मिळतात. त्यांतून उभा राहिलेला चिमुकला मार्ग कोणी बांधला, याची आठवण ठेवणारा हात मात्र सरावाने आणि आस्थेनेच घडतो.