रमाबाईंनी कोणाचे ऐकले?

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले एक विधान पचायला जड आहे. येशू देवाचा पुत्र, पण आज्ञापालन त्यालाही शिकावे लागले आणि तेही सोसण्यातून, असा त्याचा आशय. पुत्राला शिकायचे काय राहिले होते? तो आज्ञा मोडत होता आणि मारामुळे वळणावर आला, असे तर कोणी म्हणत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, ‘होय’ म्हणणे जोवर फुकट असते तोवर ते अंगात मुरत नाही. गेथशेमाने बागेत त्या होकाराची किंमत त्याच्यापुढे उभी राहिली. त्याच अध्यायात, या विधानाच्या आधीच, त्याच्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेख आहे. म्हणजे रडणे, हा प्याला टळू दे म्हणणे, हेही आज्ञापालनाच्या आतच बसते.

आमच्या बिबवेवाडीतल्या घरगुती प्रार्थनासभांत साक्षी होतात. कोणाचे ऑपरेशन पार पडले, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचे कर्ज फिटले. या साक्षी मला प्रिय आहेत. पण त्यांचा साचा ठरून गेला आहे: संकट आले, प्रार्थना केली, प्रभूने सोडवले. ज्यांची सुटका झालेली नाही, ज्यांचा माणूस गेला तो गेलाच, ते मागच्या रांगेत गप्प बसतात. उत्तम शुक्रवारी आपण वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर तासन्‌तास प्रवचने ऐकतो आणि पुढच्या सभेत पुन्हा सुटकेच्याच साक्षी मागतो. मागच्या रांगेतल्या त्या माणसांसाठी मला पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा उघडावेसे वाटते.

रमाबाईंच्या दुःखांची यादी आपल्याला पाठ असते, पण त्यांचा क्रम बघावा. 1858चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून रोष पत्करला आणि पुढे कुटुंबासह तीर्थयात्रेत आयुष्य घालवले. 1874च्या सुमारास दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण असे सगळे उपासमारीने गेले. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भटकत त्या 1878मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. 1880मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झाले आणि 1882मध्ये पटकीने तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा. हे सारे होईपर्यंत रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. म्हणून ‘देवाने त्यांना दुःखातून आपल्याकडे वळवले’ असे सोपे वाक्य बोलायला मन धजत नाही. दुष्काळ हा कुणाला तरी धडा देण्यासाठी पाठवलेला असतो, हे मी मानत नाही.

1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वॉन्टेजच्या मठातल्या भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला. मग त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणे योग्य नाही, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले. त्रैक्यासारख्या विषयांवर त्या प्रश्न विचारत, तेही भगिनींना रुचत नव्हते. गुरुस्थानी मानलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. देवाचे ऐकायचे याबद्दल रमाबाईंना शंका नव्हती, पण धर्माधिकाऱ्याचे म्हणणे म्हणजेच देवाचे म्हणणे, हे त्यांना मान्य नव्हते. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडलेल्या बाईने दुसरी का स्वीकारावी?

माझ्या मते त्यांच्या आज्ञापालनाचा गाभा इथे आहे. भोगण्याने त्या वाकल्या नाहीत. कोणापुढे वाकायचे नाही, हे त्यांना कळले. 1889मध्ये मुंबईत मुली आणि विधवांसाठी त्यांचे शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. 1893मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. 1897मध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग रुग्णालयाच्या कारभारावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मधून उघड टीका केली. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या. उपासमार म्हणजे काय ते या बाईला माहीत होते. पुस्तकात वाचून कोणी एवढ्या पोरी उचलून आणत नाही.

याच पुण्यात, पंचहौद मिशनमध्ये, फादर नेहेम्या गोरे राहत. काशीचे नीलकंठशास्त्री, 1848मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. रमाबाईंच्या धर्मविचाराला त्यांचा हातभार लागला. त्यांचे भोगणे वेगळे होते: श्रद्धा ठेवूनही जन्मभर पाठ न सोडणारी शंका. अशा माणसाची साक्ष आपल्या सभांत कोणी ऐकून घेईल का, याची मला खात्री नाही.

लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहताना तर अधिक सावध व्हावे लागते. 1895मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. नवऱ्यामागे जाणे हेच आज्ञापालन, असे मानले असते तर त्या दुसऱ्या दिवशीच ख्रिस्ती झाल्या असत्या. त्या झाल्या 1900मध्ये, स्वतःला पटल्यावर. टिळक 1919मध्ये गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा मोठा भाग लिहून ते पुरे केले.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ‘प्रभूनेही सोसले, तूही सोस’ असे सांगून परत पाठवणारे लोक आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यासाठी इब्री पत्राचाच आधार घेतला जातो. तो चुकीचा आधार आहे. पुत्राने पित्याचे ऐकले. पिलाताचे नव्हे, कयफाचे नव्हे. नवऱ्याच्या हातातला पट्टा ही देवाची आज्ञा नाही, आणि त्या मुलीसाठी दार उघडणे हे मंडळीचे आज्ञापालन आहे. रमाबाईंचे केडगावचे मुक्तिसदनही आधार नसलेल्या बायकांसाठीच उभे राहिले.

जुलै 1921मध्ये मनोरमाही गेली. जिच्या हाती सदन सोपवायचे ती एकुलती मुलगी. या दुःखातून सुटका झाली, अशी साक्ष रमाबाईंना देता आली नसती. हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर मात्र त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि ते बायबल 1924मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यात काम सदनातल्या बायका करत.